टाकी, धुराडं, मनोरा

८ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. वाऱ्याने तंबू उडाल्याचं तू इतकं हसत लिहिलंयस की मला रडूच आलं. त्या डोंगरावर फोन लागत नाही, रेशनची जीप आठवड्यातून एकदा येते आणि तुला तिथे करमतं. धन्य आहे तुझी!

आता ऐक. बाबांचं काहीतरी बिनसलंय. किंवा काहीतरी जमलंय. दोन्हीतलं नेमकं काय ते कळत नाही, म्हणून तुला लिहितेय.

आधी मुद्द्याचं. यांच्या बदलीची ऑर्डर आली. नव्या शीतगृहात सगळी मशिनरी यांच्या हाताखाली असणार, राहायला तीन खोल्या. मे महिन्यात हजर व्हायचं. मी बाबांना म्हटलं, तुम्हीही चला. तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय? जन्मभर बस चालवली, गाडीभर माणसं सुखरूप पोचवली. आता एका म्हाताऱ्याला सांभाळता येणार नाही होय मला?" झालं. विषय संपला. खरं सांगू, मला हायसं वाटलं. लग्न झाल्यापासून मी माहेरीच राहतेय, एकदा तरी स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःच्या मनाने डबे लावायचेत मला.

पण काल लाँड्रीवाला इस्त्रीचे कपडे देताना हळूच म्हणाला, "ताई, रागावू नका, पण तुमचे वडील दुपारी आमच्या कोपऱ्यावर उभे असतात. एक डोळा मिटून, हात सरळ पुढे करून. बराच वेळ." मी म्हटलं, कुणाकडे बघतात? तो म्हणाला, "ते कसं सांगू? समोरच्या गच्च्यांकडे." आणि हसला. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

बाबांना विचारलं तर म्हणे, खांद्याचा व्यायाम. एक डोळा मिटून खांद्याचा व्यायाम! स्टेशनरीवाल्याकडून ट्रेसिंग पेपरही आणतात म्हणे. आईला जाऊन तीन वर्षं झाली. मी काही जुनाट विचारांची नाही, पण कोण आहे ती, एवढं तरी कळायला नको?

तुझी,
चिंगी


१६ एप्रिल

चिंगे,

पत्र वाचून मी एवढी हसले की आमचा स्वयंपाकी बाहेर येऊन बघून गेला. बाबा आणि गच्ची! अगं, असेल कुणी तर असू दे. माणूस सत्तरीत एक डोळा मिटून उभा राहतो म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. तू खुशाल बदलीच्या गावी जा. बाबांना काहीही झालेलं नाही.

पण कोण, हे कळायलाच हवं असेल तर तू योग्य बहिणीला विचारलंस. माझा पगारच ह्या गोष्टीचा आहे. ज्या जागी पोचता येत नाही, ती दुरून नेमकी कुठे आहे हे काढायचं. त्याला त्रिकोणीकरण म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम सोपं. दोन जागा घ्यायच्या, नकाशावर नक्की माहीत असलेल्या. त्यांच्यातलं अंतर आधी मोजायचं, ती आपली पायारेषा. मग एका टोकाला उभं राहून पलीकडच्या शिखराकडे बघायचं आणि पायारेषेशी किती कोन होतो ते मोजायचं. दुसऱ्या टोकाला जाऊन तेच. दोन्ही टोकांकडून रेघा काढल्या की त्या जिथे एकमेकींना कापतात तिथे शिखर. नदी मध्ये असो, दरी असो, पाय न भिजवता पलीकडचं अंतर हातात.

तर तू एवढंच कर. लाँड्रीचा कोपरा हे एक टोक. त्याच रस्त्यावर आणखी कुठे उभे राहतात ते शोध, ते दुसरं. रस्ता ही पायारेषा. शाळेतला कोनमापक घे आणि दोन्हीकडे बाबांचा हात रस्त्याशी किती कोन करतो ते मला कळव. बाकीच्या मुली पेटीत घरच्यांचे फोटो ठेवतात, मी आपल्या गावाचा नकाशा ठेवलाय. त्यावर रेघा मारते आणि भावी आईचा पत्ता परतीच्या जीपने पाठवते.

आमचं इथे एक त्रिकोण काही केल्या जुळत नाही. तिन्ही कोन मोजून बेरीज केली की दोन काटकोनांपेक्षा कमी भरते. साहेब म्हणतात, तो जुळल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. मला घाई नाहीच. इथे सकाळी डोंगर एकामागून एक उजेडात येतात तेव्हा मला दुसरं काही नको असतं.

तुझी,
ताई


२३ एप्रिल

प्रिय ताई,

तुझ्या नादाला लागून माझी काय गत झाली ते वाच. बाबा उभे राहतात ती दुसरी जागा बेकरीचा कोपरा. मी बेकरीच्या छपराखाली पिठाच्या पोत्यांआड उभी. वास येत होता पावाचा. बाबा आले. हात पुढे केला, डोळा मिटला. मला छपरामुळे त्यांचा हातच तेवढा दिसत होता, पलीकडचं काही नाही. तरी कोनमापक धरून कोन घेतला आणि लगेच पोत्यांमागे खाली बसले. लाँड्रीकडचा लाँड्रीवाल्याने स्वतः हात करून दाखवला, "अस्से उभे असतात." त्याचाही घेतला. बेकरीवाली कोनमापक बघून म्हणाली, "खिडकीला पडदे शिवायचेत का?" मी हो म्हटलं.

तर लाँड्रीपाशी रस्त्याशी साठ अंश. बेकरीपाशी एकशे पाच. बघ काय निघतं.

घरात खोकी भरायला घेतलीत. बाबा मदत करतात, पण वस्तू भरतात आणि जरा वेळाने पुन्हा काढून ठेवतात. मी म्हटलं, बाबा, आम्हाला पाठवायचंय की ठेवून घ्यायचंय? तर म्हणाले, "तू ठरव." मला वाटतं, वाईट वाटत असेल त्यांना. बोलून दाखवणार नाहीत.

चिंगी


३० एप्रिल

चिंगे,

साठ आणि एकशे पाच, म्हणजे समोरचा तिसरा कोन उरला फक्त पंधरा. रेघा मारल्या. त्या कापतात पोस्टाशेजारच्या पिवळ्या तीन मजली इमारतीत. तिथे कोण राहतं ते तू शोध, पण लगेच धावत सुटू नकोस. हा त्रिकोण फार चिंचोळा आहे. तुझे दोन्ही कोपरे जवळजवळ, म्हणून रेघा अगदी बारीक कोनात कापतात. अशा त्रिकोणात इथे हात जरासा हलला तर तिथे छेद पार गल्ली ओलांडून जातो. आणि लाँड्रीवाल्याचा हात म्हणजे काही यंत्र नव्हे.

शिवाय तिसरा कोन आपण मोजलेला नाही, वजाबाकी करून काढलाय. वजाबाकीने काढलं की बेरीज नेहमी बरोबरच येते, चूक असली तरी कळत नाही. आमचे साहेब ह्याला फसवणूक म्हणतात. म्हणून आणखी एक जागा गाठ, जरा लांबची. तिसरी रेघ त्याच ठिकाणी आली तर मानू.

आमचा त्रिकोण अजून रुसलेला आहे.

ताई


७ मे

ताई,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी जाऊन आले होते. हो, गेले! लाँड्रीवाल्याने हात केला त्याच रेषेत पोस्टाशेजारची ती पिवळी इमारत दिसते, मला काय त्याला नकाशा लागतो?

दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एकच बाई, टायपिंगचा क्लास घेतात. मी आपली गोड आवाजात म्हटलं, "माझे वडील तुमच्याकडे बघतात, हे तुम्हाला माहीत असेलच." बाईंनी चष्मा काढला. "कोण वडील?" मी सांगितलं. तर म्हणाल्या, "ते बसवाले? त्यांनी मला एकदा थांबा सोडून पुढे उतरवलं होतं. भर उन्हात, हातात टाइपरायटर. तेव्हापासून मी त्यांच्या गाडीत पाऊल ठेवलं नाही. आणि आता बघतात?" क्लासच्या सगळ्या मुली टायपिंग थांबवून माझ्याकडे बघत होत्या. ताई, माझं असं हसं झालं की मी जिन्यावरून उतरले की पडले तेही आठवत नाही. तुझं ते त्रिकोणीकरण घाल चुलीत.

पण तिसरी जागा तू सांगितलीस म्हणून तेही केलं. बागेच्या कोपऱ्यावर स्टेशनरीवाल्याचं दुकान आहे, तिथे आत वह्यांच्या रॅकमागे उभी राहिले. ह्या वेळी सगळं दिसलं, आणि आता तर मला काहीच कळेनासं झालंय.

बाबा आले. चारी बाजूंना बघितलं. मग हात पुढे करून एक डोळा मिटला, पाण्याच्या टाकीकडे. खाली कागदावर रेघ मारली. मग वळले, पुन्हा हात, पुन्हा डोळा, गिरणीच्या धुराड्याकडे. रेघ. मग तिसरीकडे, इस्पितळाच्या मनोऱ्याकडे. रेघ. तिन्ही दिशा वेगळ्या! मग ट्रेसिंग पेपर दुसऱ्या एका कागदावर ठेवून इकडे सरकव, तिकडे सरकव असं कितीतरी वेळ चाललं होतं. घाम पुसत होते. मग एकदम थांबले, कागदाला टाचणी टोचली आणि असे हसले, असे हसले, की आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. दुकानाच्या पायरीवर बसले. मग उठले आणि घराच्या बरोबर उलट दिशेला चालू लागले.

मला वाटलं, मला बघितलं म्हणून चकवतात. म्हणून मी निमूट घरी आले. ते दिवेलागण झाल्यावर आले, लाँड्रीवाल्याच्या स्कूटरवर. म्हणे, गप्पा मारत बसलो होतो. लाँड्रीवाला माझ्याकडे बघायला तयार नव्हता.

टाकी, गिरणी, इस्पितळ. ह्यात बाई कुठे आहे? का हा काही जुगाराचा नाद आहे? हे म्हणतात, तू उगाच डोक्याचा भुगा करून घेतेस, सामान आवर. पुढच्या आठवड्यात ट्रक येतोय. ताई, तूच सांग काय ते.

चिंगी


१४ मे

चिंगे,

हे पत्र वाचताना बस. एकटी असताना वाच.

आपण उलट्या टोकाने बघत होतो. तू दोन कोपऱ्यांवर घेतलेले कोन एकाच वस्तूचे नव्हतेच. एकीकडे बाबांचा हात धुराड्यावर होता आणि दुसरीकडे टाकीवर. आत्ता नकाशावर पट्टी ठेवून बघितलं, दोन्ही रेघा तिथे अगदी बरोबर जातात. त्या दोन रेघा वाटेत जिथे एकमेकींना कापल्या तिथे बिचाऱ्या टायपिंगच्या बाई राहतात, एवढंच. आपण धरून चाललो की बाबा कुठे उभे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे आणि काय बघतात ते शोधायचंय.

त्याच कामाची दुसरी एक तऱ्हा आहे. ती तुला लिहिली नव्हती. धुक्यात वाट चुकलो, आपण कुठे आहोत तेच कळेना, की आम्ही दूरच्या तीन ओळखीच्या खुणा बघतो. पातळ कागदावर एका बिंदूतून तिघींकडे तीन रेघा काढायच्या. तो कागद नकाशावर ठेवून सरकवायचा, तिन्ही रेघा आपापल्या खुणेवर बसेपर्यंत. बसल्या की मधला बिंदू म्हणजे आपण. शिखर शोधायची ही रीत नाही, चिंगे. स्वतःला शोधायची आहे.

आणि ती बाबांना मीच शिकवली. दिवाणखान्यात, मागच्या रजेत. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडे डोंगरात हरवलीस तर कुठे उभी आहेस ते कसं कळतं तुला?" मी ट्रेसिंग पेपर काढून दाखवलं. त्यांनी दोनदा करून घेतलं. मग स्वतः एकदा करून बघितलं. तू आत भांडी लावत होतीस. मला वाटलं, बाबांना माझ्या कामाचं कौतुक आहे. मी किती खूश झाले होते म्हणून सांगू! बाबा पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल काही विचारत होते.

चिंगे, बाबांना रस्ते सापडत नाहीत. ज्या गावात त्यांनी जन्मभर बस फिरवली त्याच गावात.

मला आत्ता काय वाटतंय ते लिहू का? भीती. आणि भीतीच्या मागे एक घाणेरडा विचार, की आता मला खाली यावं लागेल. म्हणूनच तर मी पहिल्या पत्रात ठासून लिहिलं होतं की त्यांना काही झालेलं नाही. मला ते खरं असायला हवं होतं.

रजा मागितली आहे. साहेब म्हणतात, तुझ्याशिवाय तो त्रिकोण कोण मोजणार? तू बाबांना सरळ विचार. पण जपून.

ताई


२१ मे

ताई,

तुझं पत्र वाचून मी जिन्याच्या पायरीवर बसले ती हे आले तेव्हाच उठले.

ट्रक आला होता. मी परत पाठवला. काल हे एकटेच गेले, हजर तर व्हावंच लागणार. अर्धी खोकी भरलेली, अर्धी उघडी, आणि मला चहाची गाळणी सापडत नाही.

बाबांना विचारलं. जपून वगैरे मला जमत नाही, तुला माहीत आहे. सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला रस्ता सापडत नाही का?" ते हसले. म्हणाले, "कुणी सांगितलं? ताईने? तिला डोंगरावर बसून काय दिसतंय?" आणि पानातली भाजी संपवली. मग म्हणाले, "तू जा. तुझा नवरा तिकडे एकटा जेवत असेल." इतकं नीट बोलले की मला वाटलं, आपणच दोघी वेड्या आहोत. मग हात धुवायला उठले आणि कपाटाचं दार उघडून उभे राहिले.

ह्यांच्यावर चिडले, तुझ्यावर चिडले, त्या कपाटावर चिडले. खरं म्हणजे मी जायला निघालेय ह्याचा मला आनंद झाला होता, तो आनंद आता कुठे ठेवू?

आज दुपारी त्यांनी माझ्याकडे पाकीट मागितलं. तुला पत्र लिहिलंय म्हणे. आत काय ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पत्ता मात्र मला घालायला लावला. सोबत पाठवतेय.

चिंगी


चि. ताई,

आशीर्वाद. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, लिहायची सवय गेली आहे. हे धाकटीला कळू देऊ नकोस.

तुझी युक्ती पक्की आहे. एकदाही चुकली नाही. टाकी, धुराडं, मनोरा. रेघा मारायच्या, कागद सरकवायचा, टाचणी टोचायची. बागेपाशी उभा असलो तर टाचणी बागेपाशीच पडते. मला इतका आनंद होतो की पायरीवर बसून घेतो.

नकाशात घरावर मी लाल खूण केली आहे. टाचणी दिसते, खूण दिसते, मधला रस्ताही दिसतो. निघतो. दुसऱ्या वळणावर खूण कुठल्या बाजूला होती ते डोक्यातून निघून जातं. पुन्हा टाकी शोधतो. असं करत करत एखाद्या दिवशी पोचतो, एखाद्या दिवशी लाँड्रीवाला पोचवतो. आधी त्याने धाकटीकडे तोंड उघडलं होतं, मग मी त्याला पुन्हा बोलायचं नाही अशी शपथ घातली. भला माणूस आहे. तिला सांगितलं नाही म्हणून त्याच्यावर रागावू नका.

लोकांना वाटायचं मला रस्ते पाठ आहेत. मला थांबे पाठ होते. एक थांबा गेला की पुढचा आपोआप समोर यायचा. आता प्रत्येक थांबा ओळखतो, त्याच्यापुढचा येत नाही. तुझी आई असती तर तिला सांगितलं असतं. ती हसली असती आणि माझ्याबरोबर चालली असती.

धाकटीने काल विचारलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं. तिचं सामान अर्धं बांधून पडलंय, जावई पुढे गेलाय. तिने माझ्यापायी इथे अडकावं असं मला वाटत नाही. तू डोंगर सोडून खाली यावंस असंही वाटत नाही, तू तिथे सुखात आहेस हे तुझ्या पत्रांवरून आंधळ्यालाही कळेल. आणि मला एकट्याला राहायचं नाही. मी तसं म्हणालो होतो, पण मला भीती वाटते. दुपारी घरात कुणी नसलं की मी खोलीतून खोलीत जातो आणि आपण कशाला आलो ते आठवत बसतो.

तर पोरी, धाकटीने जायचं, तू तुझं काम सोडायचं नाही आणि मी एकटं राहायचं नाही. ही तिन्ही एकदम कशी बसवायची ते मी बरेच दिवस बघतोय, बसत नाहीत. दोन बसवली की तिसरं सुटतं. तू ह्यातलं शिकलीयेस, तू बसवून बघ. तोवर मी दुपारचा बाहेर पडत नाही.

तुझे,
बाबा